शाडूची मूर्ती खरंच विरघळते का?

गेल्या गणपतीत आमच्या मजल्यावरच्या तीन घरांनी मिळून एकाच मोठ्या टबात दीड दिवसाचं विसर्जन केलं. तिन्ही मूर्ती शाडूच्या, वीतभर उंचीच्या. आरती झाली, वाटली डाळ वाटून झाली, मोठी माणसं आवराआवरीला लागली, तरी शेजारची आठवीतली मुलगी टबापाशीच बसून राहिली. आधी हात गेले, मग सोंड, मग मुकुट. रात्री झोपायच्या आधी टबात नुसतं राखाडी, गढूळ पाणी उरलं होतं. "काकू, पूर्ण विरघळली," असं दारात येऊन सांगून ती गेली.

सकाळी तीच पुन्हा आली. "काकू, विरघळली होती ना? मग एवढी माती तळाला कशी बसली? सरबतातली साखर काही अशी परत खाली येत नाही."

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी सत्तावीस वर्षं काम केलं. त्यातली निम्मी वर्षं तरी डब्यातला रंग तळाला बसू नये या एकाच काळजीत गेली. त्यामुळे तिचा प्रश्न ऐकून मला इतका आनंद झाला की ऐरोलीच्या त्या छोट्या गॅलरीत आम्ही दोघींनी आठवडाभर प्रयोग मांडला. हा लेख त्यातूनच आला.

गोंधळ आपल्या एका क्रियापदापासून सुरू होतो. चहात साखर विरघळली, टबात शाडू विरघळला, दुधात हळद विरघळली, असं आपण सहज बोलून जातो. यातलं पहिलं वाक्य तेवढं खरं आहे. शाडू विखुरतो. हळद दुधात बहुतांशी मिसळून, लोंबकळत राहते. घरात बोलताना या भेदाने काही अडत नाही, पण पाणी स्वच्छ करायचं असेल, सोलकढी फुटू द्यायची नसेल किंवा ठाण्याच्या खाडीत एवढा चिखल का आहे ते समजून घ्यायचं असेल, तर तिथे सगळं याच भेदावर येऊन थांबतं.

आधी साखर. साखरेचा दाणा म्हणजे साखरेच्या रेणूंची अगदी शिस्तीत रचलेली रास. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन भाराची असते आणि दुसरी किंचित ऋण. साखरेच्या रेणूवरही असेच हलके भार असलेले कोपरे असतात. पाण्याचे रेणू त्या कोपऱ्यांना बिलगतात आणि राशीतला एकेक रेणू सुटा करून आपल्या घोळक्यात घेऊन जातात. शेवटी रास उरतच नाही. उरतात ते सुटे रेणू, ज्यांचा आकार साधारण एक नॅनोमीटर. मिलिमीटरभर रेघ भरायची तर असे दहा लाख रेणू ओळीने मांडावे लागतील. एवढी लहान गोष्ट तळाला बसत नाही, फडक्यात अडकत नाही, डोळ्यांना दिसत नाही. हे द्रावण. मिठाचंही असंच होतं, फक्त तिथे रेणू सुटे होण्याऐवजी सोडियम आणि क्लोराइडचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, वेगळे होतात. म्हणून चहाच्या गाळणीत पावडर अडते आणि साखर खाली कपात जाते.

पाण्याच्या या पाहुणचारालाही मर्यादा असते. १०० ग्रॅम पाण्यात नेहमीच्या तापमानाला सुमारे ३६ ग्रॅम मीठ मावतं. पाणी उकळलं तरी ते जेमतेम ३९ ग्रॅमपर्यंत जातं. साखरेचं गणित फार वेगळं आहे. तेवढ्याच पाण्यात साध्या तापमानाला २०० ग्रॅम, आणि उकळत्या पाण्यात त्याच्या दुपटीहून जास्त. पाक करताना आपण याच फरकाचा फायदा घेतो. गरम असताना सगळी साखर मावलेली असते. पाक गार झाला की जादा साखरेला बाहेर पडायचं असतं आणि ती खडे धरू लागते. गुलाबजामच्या पाकात आई लिंबाचे चार थेंब का पिळायची, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. आम्लामुळे थोड्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात, आणि हे वेगळ्या आकाराचे तुकडे मध्ये आल्याने साखरेच्या रेणूंना पुन्हा शिस्तीत रास रचता येत नाही.

पाणी कमी करत नेलं तर काय होतं, याचा सर्वांत मोठा प्रयोग ठाणे खाडीच्या काठाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मिठागरं. आगरी समाजाचं नावच या आगरांवरून आलं असं सांगतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सर्व क्षार मिळून साधारण ३५ ग्रॅम असतात. म्हणजे संपृक्ततेपासून, आणखी मीठ मावेनासं होण्याच्या टोकापासून, ते पाणी फार दूर असतं. उन्हाने त्यातला नऊदशांशाच्या आसपास भाग उडून जातो तेव्हा कुठे मिठाचे स्फटिक धरू लागतात. पण सगळे क्षार एकदम बाहेर येत नाहीत. ज्याची विद्राव्यता, म्हणजे पाण्यात विरघळायची क्षमता, कमी तो आधी. पहिल्यांदा चुनखडी, मग जिप्सम, त्यानंतर आपलं खायचं मीठ, आणि सर्वांत शेवटी मॅग्नेशियमच्या क्षारांचं कडू पाणी उरतं. ते वेळेवर काढून टाकलं नाही तर मीठही कडवट होतं. एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत पाणी फिरवणाऱ्या माणसाच्या हाताला रसायनशास्त्राचा हा सगळा क्रम पाठ असतो. या क्रमातलं जिप्सम लक्षात ठेवा, मूर्तीच्या गोष्टीत ते परत येणार आहे.

आता शाडू. शाडू म्हणजे अतिबारीक चिकणमाती. मूर्ती घडवताना ती ओली असते आणि मग नुसती वाळवतात, भाजत नाहीत. वाळल्यावर कण एकमेकांना चिकटून राहतात खरे, पण ते कायमचे सांधले गेलेले नसतात. पाण्यात ठेवली की पाणी कणांच्या फटींत शिरतं, त्यांना दूर सारतं आणि मूर्ती ढासळते. प्रत्येक कण मात्र मातीचा कणच राहतो, आणि त्या एका कणात अणूंची संख्या प्रचंड असते. साखरेसारखं एकेका रेणूपर्यंत सुटं होणं इथे घडतच नाही. मुलीला मी एवढंच म्हटलं, "अगं, साखरेच्या घराची वीट न वीट सुटी झाली. मूर्तीच्या बाबतीत गावातली घरं एकमेकांपासून लांब गेली, इतकंच." हीच चिकणमाती भट्टीत भाजली की कण खरोखर सांधले जातात, आणि मग माठात वर्षभर पाणी ठेवलं तरी माठ ढासळत नाही.

कण मोठे असले तर गुरुत्वाकर्षण त्यांना खाली ओढतं. अशा मिश्रणाला निलंबन म्हणतात. किती वेगाने ओढतं, याचा नियम जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ साली मांडला. त्यातली एक गोष्ट मला आजही थक्क करते. कणाचा व्यास निम्मा झाला की खाली बसायला दुप्पट नव्हे, चौपट वेळ लागतो. दहावा भाग झाला तर शंभरपट. टबात दहा सेंटिमीटर खोल पाणी आहे असं धरू. एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण दहा-बारा सेकंदांत तळ गाठतो. त्याच्या दहाव्या भागाएवढ्या कणाला पाव तासाहून जास्त वेळ लागतो. त्याच्याही दहाव्या भागाएवढ्या, म्हणजे एका मायक्रॉनच्या मातीच्या कणाला दिवसाहून अधिक. सकाळी टबाच्या तळाशी जाड साका होता आणि वरचं पाणी मात्र धुरकटच होतं, त्याचं कारण हेच. जाडेभरडे कण रात्रीतच बसले, बारीक अजून वाटेत होते.

याच हिशेबाने अजून खाली जाऊ. कण मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढा असेल तर त्याला कागदावर शंभराहून जास्त दिवस लागायला हवेत. प्रत्यक्षात तो बसतच नाही. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी त्याला सतत धक्के देत असतात, आणि कण इतका हलका असतो की धक्क्यांपुढे गुरुत्वाकर्षणाचं चालत नाही. परागकणांतून निघालेल्या बारीक कणांची ही अखंड थरथर वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांनी १८२७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तिचा अर्थ आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये गणिताने लावला आणि पुढे जाँ पेराँ यांनी प्रयोगांनी तो पक्का केला. पेराँ यांना १९२६ चं नोबेल मिळालं. त्या प्रयोगांपर्यंत अणू-रेणू खरंच आहेत की ती नुसती सोयीची कल्पना आहे, असा वाद नामवंत शास्त्रज्ञांतही चालू होता. तरंगत्या कणांच्या थरथरीने तो मिटवला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

साधारण एक ते हजार नॅनोमीटर या टप्प्यातले कण पाण्यात पसरलेले असले की त्या मिश्रणाला कलिल म्हणतात. आठवीच्या पुस्तकात हा शब्द येतो आणि मुलं तो व्याख्येपुरता पाठ करून सोडून देतात. मला वाटतं या धड्याची सुरुवात टॉर्चने व्हायला हवी. दोन काचेचे पेले घ्या. एकात मिठाचं पाणी, दुसऱ्यात साधं पाणी आणि दुधाचे दोन थेंब. खोलीत अंधार करून मोबाइलच्या टॉर्चपुढे बारीक भोक पाडलेला पुठ्ठा धरा आणि उजेडाची तिरीप पेल्यातून सोडा. मिठाच्या पाण्यात तिरीप दिसणार नाही, कारण तिला अडवायला तिथे एवढं मोठं काही नाहीच. दुधाच्या पाण्यात मात्र तिचा सगळा रस्ता उजळून निघेल. बाजूने पाहिलंत तर तो किंचित निळसर दिसेल, आणि समोरून थेट टॉर्चकडे पाहिलंत तर उजेड पिवळट-तांबूस वाटेल. बारीक कण निळा उजेड जास्त विखुरतात, म्हणून असं होतं. याला टिंडल परिणाम म्हणतात. पावसाळ्यातल्या सकाळी येऊरच्या रानात फांद्यांमधून उन्हाच्या तिरिपी उतरतात ना, ते हेच. तिथे पाण्याऐवजी हवा आहे आणि दुधाऐवजी धुक्याचे थेंब.

पण एक गोष्ट अजून सांगायची राहिली. एवढे कण अखंड धक्के खात फिरतात, एकमेकांवर आपटतात, तर चिकटून मोठे का होत नाहीत? मोठे झाले तर लगेच बसतील. ते चिकटत नाहीत कारण प्रत्येकावर सारखाच विद्युतभार असतो. मातीच्या कणांचे पृष्ठभाग ऋण भाराचे असतात. दोन ऋण भार जवळ आले की एकमेकांना ढकलतात. आमच्या कारखान्यात रंगद्रव्य दळताना आम्ही मुद्दाम असं रसायन घालायचो, जे प्रत्येक कणावर भार चढवेल किंवा त्याच्याभोवती जाडसर आवरण घालेल. जुन्या काळी दिव्याच्या काजळीची शाई करताना तिच्यात बाभळीचा डिंक घालत, त्यामागे हेच तत्त्व. डिंकाचं आवरण मिळालं की काजळीचे कण पाण्यात तरंगत राहतात, गुठळी धरत नाहीत.

हा भार काढून घेतला तर? घरातली तुरटी नेमकं हेच करते. तुरटीतून पाण्यात ॲल्युमिनियमचे आयन येतात आणि त्यांच्यावर तीन धन भार असतात. ते मातीच्या ऋण भाराला निष्प्रभ करतात, शिवाय ॲल्युमिनियमचा चिकट, जेलीसारखा साका तयार होऊन त्यात कण गुंतत जातात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवून थोडा वेळ सावकाश ढवळलं की कापसाच्या बोंडासारखे पुंजके दिसू लागतात आणि पाणी निवळतं. एक धन भार असलेल्या सोडियमपेक्षा तीन भारांचं ॲल्युमिनियम या कामात शेकडो पटींनी प्रभावी असतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शुल्झ आणि हार्डी यांनी हा नियम प्रयोगांतून घालून दिला. आपल्याकडे निवळीच्या बिया माठाच्या आतल्या बाजूला घासून पाणी स्वच्छ करायची रीत त्याहून कितीतरी जुनी. सुश्रुतसंहितेत तिचा उल्लेख कतक या नावाने आहे. निवळणे आणि निवळी हे शब्द एकमेकांचे सख्खे, हे मला फार सुंदर वाटतं.

नवी मुंबईच्या नळाला येणारं पाणी मोरबे धरणातून निघून भोकरपाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रातून येतं. अशा केंद्रांत चालतं ते गॅलरीतल्या बरणीतल्यासारखंच काम, फक्त कोट्यवधी लिटरचं. ॲल्युमिनियमचा क्षार घालून आधी जोरात घुसळायचं, मग पुंजके मोडू नयेत म्हणून अगदी संथ ढवळायचं, मग मोठ्या टाक्यांत गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी वाळूच्या थरांतून गाळायचं आणि शेवटी क्लोरीन. पावसाळ्यात नदीनाले लाल झाले की मात्रा बदलावी लागते. रोज नमुना घेऊन, चंचुपात्रांच्या ओळीत वेगवेगळी मात्रा घालून कुठे सर्वांत छान निवळतं ते पाहावं लागतं. हे काम करणारी माणसं आपल्याला कधी दिसत नाहीत. मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे.

आणि सोडियम कमजोर असलं तरी समुद्रात ते अफाट आहे. पारसिकच्या डोंगरउतारांवरून ओढ्यानाल्यांतून येणारी माती गोड्या पाण्यात भार सांभाळून तरंगत येते. खाडीत भरतीचं खारं पाणी भेटलं की क्षारांच्या गर्दीत तो भार झाकला जातो, कण जवळ येतात, पुंजके होतात आणि बसतात. संथ पाणी आणि खारफुटीची मुळं त्याला हातभार लावतात. ऐरोली पुलावरून ओहोटीच्या वेळी दिसणारा तो चकचकीत चिखल बऱ्याच अंशी असा बनलेला आहे. त्या चिखलावर आणि उथळ पाण्यात शेवाळं वाढतं, बारीक जीव वाढतात, आणि त्यांच्यासाठी रोहित पक्षी येतात. २०१५ मध्ये खाडीचा हा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तुरटीच्या बरणीत आणि या खाडीत मूळ क्रिया एकच आहे, हे कळल्यापासून पुलावरून जाताना मी खिडकीबाहेर पाहायला चुकत नाही.

स्वयंपाकघरातलं दूध हा तर तीन प्रकारांचा एकत्र संसार आहे. दुधातली साखर आणि क्षार विरघळलेले, केसीन हे प्रथिन कलिल रूपात, आणि स्निग्धांश बारीक थेंबांच्या रूपात. द्रवात दुसऱ्या द्रवाचे थेंब असे पसरले की त्याला इमल्शन किंवा पायस म्हणतात. केसीनचे कणही ऋण भारामुळेच वेगळे राहतात. विरजण लावलं की आम्ल वाढत जातं, सामू (pH) ४.६ च्या आसपास आला की तो भार संपतो आणि दूध जाळं धरून घट्ट होतं. सावकाश झालं तर दही, लिंबू पिळून एकदम केलं तर पनीर. सोलकढीत नारळाचं दूध आणि कोकम एकत्र येतात, म्हणजे इमल्शन आणि त्याला फोडू पाहणारं आम्ल एकाच भांड्यात. ती थोडा वेळ ठेवली की दोन थर दिसतात आणि तापवली तर सरळ फुटते, ते यामुळेच. हळदीचा पिवळा रंग, कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, पण तेलात छान विरघळतो. म्हणून हळद फोडणीत घातली की सगळ्या भाजीला सारखा रंग चढतो.

आता प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती. त्या विरघळत नाहीत, असं आपण म्हणतो. गंमत अशी की शब्दाचा काटेकोर अर्थ घेतला तर शाडू विरघळत नाही आणि पीओपी विरघळतं. पीओपीत पाणी कालवलं की त्याचं जिप्सम होतं, आणि त्याचे सुईसारखे स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतून वाढतात. मिठागरात मिठाच्या आधी बाहेर पडतं तेच हे जिप्सम. एका लिटर पाण्यात ते सुमारे दोन ते अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणजे १५ लिटरच्या बादलीत ३०-३५ ग्रॅम, आणि मग पाणी संपृक्त. दोन किलोची मूर्ती अशी पूर्ण विरघळवायची तर ८०० ते १००० लिटर पाणी लागेल, आणि तेही आतपर्यंत पोचायला वेळ लागेल तो वेगळाच. विखुरण्याची वाट तर गुंतलेल्या स्फटिकांनी बंदच केलेली असते. त्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटची युक्ती सुचवली. त्याच्याशी क्रिया होऊन जिप्समची चुनखडी होते, ती भुकटीच्या रूपात तळाला बसते, आणि अमोनियम सल्फेट पाण्यात विरघळलेलं राहतं. ते खत आहे, पातळ करून झाडांना घालता येतं. बादली मात्र मोकळ्या हवेत ठेवावी, कारण अमोनियाचा उग्र वास येऊ शकतो. माझं मत विचाराल तर मुळातच शाडूची, लहान आणि न रंगवलेली मूर्ती आणावी. तलावपाळीसारख्या बंदिस्त पाण्यात टनावारी गाळ टाकणं शाडूच्या बाबतीतही बरं नाही. माती विषारी नसली तरी तळ भरत जातो.

तर गॅलरीतला प्रयोग. टबातलं धुरकट पाणी आम्ही नीट ढवळून तीन बरण्यांत सारखं भरलं. पहिली तशीच ठेवली. दुसरीत तुरटीची चिमूट घातली. तिसरीत समुद्राइतकं, म्हणजे लिटरला ३५ ग्रॅम मीठ. तुरटीची बरणी अर्ध्या तासात निवळू लागली, मिठाची दुपारपर्यंत. साधी बरणी चौथ्या दिवशीही धुरकटच होती, आणि टॉर्च लावला की तिच्यातली तिरीप लख्ख दिसायची.

आठव्या दिवशी मुलीने पट्टीने साका मोजला आणि गोंधळून माझ्याकडे आली. तिन्ही बरण्यांत माती सारखीच, पण तुरटीच्या बरणीतला थर साध्या बरणीतल्या थरापेक्षा दुपटीहून उंच भरला होता. मी तिला काडीने दोन्हींचा तळ हलवायला सांगितला. तुरटीचा थर फुसफुशीत, काडी लागताच उडाला. साध्या बरणीतला पातळ थर मात्र इतका दाबून बसला होता की काडी वाकली. एकेकटे बसणारे कण सावकाश येतात आणि जिथे फट दिसेल तिथे सरकून घट्ट बसतात. पुंजक्याने आलेले कण आपल्या आतल्या पोकळ्या घेऊनच पडतात. रंगाच्या डब्यात काठीला न हलणारा जो थर आम्हाला छळायचा, तो असाच बनायचा. म्हणून काही वेळा आम्ही कणांना मुद्दाम थोडे सैल पुंजके धरू द्यायचो. डबा उघडल्यावर रंग खाली बसलेला दिसला तरी चालेल, पण ढवळल्यावर तो उठला पाहिजे. औषधाच्या बाटलीवर 'वापरण्यापूर्वी हलवा' असं लिहिलेलं असतं, त्यामागेही बऱ्याचदा अशीच मुद्दाम केलेली रचना असते.

साध्या बरणीतली माती तिने आपल्या गुलाबाच्या कुंडीत घातली. मिठाची बरणी हातात घेऊन ती जरा वेळ उभी राहिली. कुंडीत ते ओतायचं नाही हे तिला माहीत होतं. "काकू, हे उन्हात ठेवलं तर आधी माती उरेल की मीठ?" माती तर केव्हाच खाली बसली होती. वरचं नितळ पाणी तिने हलक्या हाताने एका ताटलीत निथळून घेतलं आणि ताटली कठड्यावर ठेवली. भाद्रपदातलं ऊन कधी असायचं, कधी नसायचं. कडेने पहिले चौकोनी स्फटिक दिसायला पाच दिवस लागले.